दाकारची गाडी जबलपूरला यावी

प्रति,
जबलपूरच्या विद्यापीठातील व महाविद्यालयांतील साहित्यविषयक अध्ययन मंडळांचे अध्यक्ष, सदस्य, विभागप्रमुख आणि ग्रंथपाल यांस



एका विनंतीसाठी हे पत्र लिहिते आहे आणि ती आधीच सांगून टाकते. बी.ए. आणि एम.ए.च्या साहित्याच्या अभ्यासक्रमात, एकेकाळी फ्रेंचांच्या ताब्यात असलेल्या मुलखांतल्या लेखकांनी फ्रेंचमधून लिहिलेल्या कथा-कादंबऱ्यांना जागा द्यावी. सेनेगल, कॅमेरून, आयव्हरी कोस्ट, अल्जीरिया, मॉरिशस आणि आपलं पाँडिचेरीसुद्धा. त्या अनुवादातून वाचाव्यात, पण पूर्ण वाचाव्यात, आणि त्यांना एक अख्खा पेपर मिळावा.

पत्राची हिंदी प्रत आपापल्या कार्यालयात वेगळी पाठवते आहे. मराठीत छापायला देण्याचं कारण असं की जबलपुरात मराठी घरं दोनशे वर्षांहून जुनी आहेत, त्यांची मुलं-मुली याच वर्गांत बसतात, आणि परक्या राज्याचा विषय निघाला की या शहरात मराठी माणसाला स्वतःबद्दलही काही बोलावं लागतं. ते पुढे येईलच.

सध्या काय शिकवलं जातं ते आपण जाणता. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ मध्ये बी.ए. ऑनर्स इंग्रजीचा नमुना अभ्यासक्रम काढला. त्यात वसाहतोत्तर साहित्याचा स्वतंत्र पेपर आहे. चिनुआ अचेबे आहेत, बेसी हेड, आमा अता आयडू, ग्रेस ओगोट आहेत, डेरेक वॉलकॉट आहेत. स्पॅनिशमधून आलेले मार्केझ आणि नेरुदाही आहेत, म्हणजे अनुवादाला कुणाची हरकत नाही. फ्रेंचमधली मात्र एकही कथा नाही, एकही कादंबरी नाही. फ्रान्त्झ फॅनन आहेत, पण पूरक वाचनात, एका प्रकरणापुरते. इंग्रजांच्या खालोखाल मोठं साम्राज्य फ्रेंचांचं होतं. त्या साम्राज्याखाली जगलेली माणसं आमच्या विद्यार्थ्यांना भेटतात ती सिद्धान्ताच्या चार ओळींत. त्यांची नावं, त्यांची घरं, त्यांची भांडणं कुठेच भेटत नाहीत.

आणि फ्रेंच कादंबरीला जबलपूरचा मुलूख काही नवा नाही. ज्यूल व्हर्नची ऐंशी दिवसांतल्या पृथ्वीप्रदक्षिणेची कादंबरी १८७२ मध्ये क्रमशः छापली गेली. मराठी मुलांना व्हर्नची ओळख भा. रा. भागवतांनी करून दिली, त्यामुळे आपल्यापैकी मराठी वाचणाऱ्यांना ही गोष्ट लहानपणापासून माहीत असेल. फिलिअस फॉग मुंबईहून कलकत्त्याला निघतो, आणि कोल्बी नावाच्या खेड्यापाशी गाडी थांबते. तिथून अलाहाबादपर्यंतचे पन्नास मैल रूळच टाकलेले नाहीत. मग फॉग हत्ती विकत घेतो, बुंदेलखंडच्या रानातून निघतो, आणि सती घातल्या जाणाऱ्या एका तरुण विधवेला त्याची मंडळी चितेवरून सोडवतात.

खरी हकीकत अशी की ७ मार्च १८७० रोजीच मुंबईकडून येणारी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे आणि अलाहाबादकडून येणारी ईस्ट इंडियन रेल्वे एकमेकींना मिळाल्या होत्या, आणि त्या मिळाल्या आपल्या जबलपुरात. फॉग निघाला तेव्हा मुंबई ते कलकत्ता रूळ सलग होते. पण गोष्टीला हत्ती हवा होता, चिता हवी होती, गोऱ्या गृहस्थाच्या हातून सुटका हवी होती, आणि त्यासाठी व्हर्नने आमच्या भागातले पन्नास मैल रूळ उखडून टाकले. ज्या लोकांनी ते रूळ टाकले, खडी फोडली, बोगदे खोदले, त्यांना त्या कादंबरीत एकही वाक्य बोलायला मिळालं नाही.

व्हर्नला अभ्यासक्रमातून काढा असं मी म्हणत नाही. उलट त्याला ठेवा, आणि त्याच्या शेजारी दुसरी फ्रेंच कादंबरी ठेवा. तीही रेल्वेचीच आहे.

उस्मान सेम्बेन हा सेनेगलचा. जन्म १९२३. शाळा लवकर सुटली, पुढे मार्सेय बंदरात हमाली केली, लिहायला स्वतःच शिकला. १९६० मध्ये त्याची कादंबरी आली. इंग्रजी अनुवादात तिचं नाव 'गॉड्स बिट्स ऑफ वुड'. दाकार ते नायजर नदी या लोहमार्गावरच्या आफ्रिकी कामगारांनी १० ऑक्टोबर १९४७ रोजी संप पुकारला, तो १९ मार्च १९४८ पर्यंत चालला. त्याची ही कथा. मागण्या साध्या होत्या. गोऱ्या कामगारांइतका पगार, म्हातारपणी पेन्शन, कुटुंबभत्ता. कंपनीने भत्त्याला नकार दिला, कारण म्हणे या लोकांना एकाहून अधिक बायका असतात, कोणत्या कुटुंबाला भत्ता द्यायचा? वस्त्यांचं पाणी तोडलं. दुकानदारांनी उधारी बंद केली. तिथून पुढे कादंबरी पुरुषांच्या हातातून बायकांच्या हातात जाते. घरातली भांडी, दागिने, कपडे एकेक करून बाजारात जातात. रामातुलाये नावाची बाई घरातल्या भुकेल्या पोरांसाठी आपल्या सावकारी वृत्तीच्या भावाचा माजलेला मेंढा कापते आणि पोलिसांच्या समोर उभी राहते. शेवटी थिएस शहरातल्या बायका पायी दाकारला निघतात. वाटेत तहान आहे, भीती आहे, आपसातली भांडणं आहेत, एक आंधळी आई मूल पाठीशी बांधून चालते आहे. दाकारच्या वेशीवर बंदुका आहेत.

ही कादंबरी तास संपल्यावर काही विद्यार्थिनींबरोबर मी वाचली आहे. परीक्षेत तिच्यावर प्रश्न येणार नव्हता, हजेरीचा प्रश्न नव्हता, तरी त्या थांबत. जबलपूर २००३ पासून पश्चिम मध्य रेल्वेचं मुख्यालय आहे, आणि आमच्या वर्गात गार्ड, फिटर, पॉइंट्समन, तिकीट तपासनीस यांच्या घरच्या मुली नेहमीच असतात. त्यांतल्या एकीने पाणी तोडल्याचं प्रकरण वाचून घरी आजीला विचारलं की १९७४ च्या मे महिन्यात, रेल्वेचा संप झाला तेव्हा, आपल्याकडे काय झालं होतं. आजी तोवर कधीच काही बोलली नव्हती. त्या रात्री बोलली. कोण कुणाच्या घरी लपलं, धान्य कुणी पोहोचवलं, आजोबा परत आले तेव्हा त्यांची दाढी केवढी वाढलेली होती. दुसऱ्या दिवशी ती मुलगी वर्गात बुंदेलीत हे सगळं सांगत होती आणि बाकीच्या सेनेगलचं पुस्तक उघडं ठेवून ऐकत होत्या. साहित्याच्या वर्गात याहून वेगळं काय घडावं अशी आपली अपेक्षा असते, ते मला सांगा.

त्याच कादंबरीत न्देये तूती नावाची एक मुलगी आहे. वस्तीत सर्वांत जास्त शिकलेली. फ्रेंच मासिकं, फ्रेंच प्रेमकथा वाचून तिला पॅरिसच्या रस्त्यांची स्वप्नं पडतात, स्वतःच्या वस्तीची लाज वाटते, आणि स्वतःच्या देशाबद्दल तिला फारसं काही माहीत नसतं. सेम्बेन तिची टवाळी करत नाही. तिला एका क्रूर प्रसंगातून नेतो, पोलीस ठाण्यात तिच्या समोर फ्रेंचमध्ये तिच्याबद्दल घाणेरडं बोललं जातं. ते बोलणाऱ्यांना वाटतं हिला समजत नाही. तिला शब्दन्‌शब्द समजतो. हे पान वाचून आमच्या मुली बराच वेळ बोलल्या नाहीत, आणि मग इंग्रजी माध्यमाबद्दल, मुलाखतींबद्दल, आपल्या आयांबद्दल जे बोलल्या ते मी कोणत्याही गाइडमध्ये वाचलेलं नाही.

माझ्या विनंतीचं खरं कारण इथे आहे. आमची विद्यार्थिनी अचेबे वाचते ते इंग्रजीत, उत्तर लिहिते इंग्रजीत, नोकरीचा अर्ज करते इंग्रजीत. राज्यकर्त्याच्या भाषेत लिहावं की नाही हा अचेबे आणि न्गुगी या आफ्रिकी लेखकांचा वाद तिला तोंडपाठ असतो, पण तो तिला लागत नाही. कारण इंग्रजी आता तिला कुणा राज्यकर्त्याची वाटत नाही, ती यशाची वाटते. आपण ज्या हवेत वावरतो ती आपल्याला दिसत नाही. फ्रेंचचं तसं नाही. फ्रेंचचा तिच्यावर कसला दाब नाही, तिच्याकडून ती भाषा काही मागत नाही, म्हणून तिच्याकडे बाहेरून बघता येतं. वोलोफ बोलणारं मूल फ्रेंच शाळेत गेल्यावर त्याचं काय होतं ते ती शांतपणे, स्पष्ट पाहते. मग स्वतःकडे पाहते. इंग्रजीतून इंग्रजीकडे असं पाहता येत नाही, आणि म्हणून अचेबेंच्या जोडीला सेम्बेन हवा.

आयव्हरी कोस्टच्या बेर्नार दादिए यांची 'क्लँबिए' ही कादंबरी १९५६ ची. तिच्यातल्या शाळेत एक पद्धत आहे, जी पश्चिम आफ्रिकेतल्या अनेक फ्रेंच शाळांत खरोखर होती. मातृभाषेत बोलताना जो पोरगा सापडेल त्याच्या हातात एक वस्तू द्यायची. त्याने दिवसभर कान टवकारून फिरायचं आणि मातृभाषेत बोलणारा दुसरा कुणी पकडून ती वस्तू त्याच्या गळ्यात मारायची. संध्याकाळी ती ज्याच्याकडे उरेल त्याला शिक्षा. मास्तरला काहीच करावं लागत नाही, मुलंच एकमेकांवर पहारा देतात. आमच्याकडे हिंदीचं वाक्य बोललं म्हणून दंड भरलेल्या मुली वर्गात आहेत. त्यांना हे प्रकरण समजावून सांगावं लागत नाही.

अहमदू कुरुमा हाही आयव्हरी कोस्टचाच. त्याने मालिंके बोलण्याची लय, शिव्या, म्हणी फ्रेंचमध्ये अशा घुसवल्या की फ्रान्सच्या प्रकाशकांनी त्याची पहिली कादंबरी नाकारली. ती १९६८ मध्ये कॅनडात, माँट्रियलला छापली गेली, आणि दोन वर्षांनी पॅरिसने ती घेतली. आज ती आफ्रिकी कादंबरीतला मैलाचा दगड मानली जाते. उत्तरपत्रिका तपासताना 'हिंदी वळणाचं इंग्रजी' म्हणून जिथे आपण लाल रेघ मारतो, तिथे क्षणभर थांबायला कुरुमा शिकवतो. व्याकरणाची चूक ती चूकच, पण प्रत्येक वेगळं वळण चूक नसतं. हे शिक्षकांनाही कळायला हवं, आणि त्यासाठी हे पुस्तक शिक्षकांच्या उजळणी वर्गातही यावं असं माझं मत आहे.

आता जबलपूरबद्दल. आपल्या विद्यापीठाला १९८३ पासून राणी दुर्गावतीचं नाव आहे. गढा-मंडलाचं गोंड राज्य ज्या भूमीवर होतं तिथे आपण शिकवतो, आणि मंडला, डिंडोरी, कुंडम इकडून गोंड घरांतल्या मुली शहरात शिकायला येतात. २०११ च्या जनगणनेत गोंडी ही मातृभाषा सांगणारे जवळपास ३० लाख लोक आहेत. वर्गात मात्र या मुली गोंडीत एक शब्द बोलत नाहीत. त्यांच्यासाठी हिंदी हीच आधी शाळेची, कचेरीची, मोठ्या लोकांची भाषा असते, आणि इंग्रजी तिच्याही पलीकडे. आपण वसाहतवाद शिकवतो तो फक्त गोरा आणि काळा, इंग्रज आणि हिंदुस्थानी अशा दोन रंगांत. फ्रेंचमधल्या कादंबऱ्या त्याहून खोल जातात. अल्जीरियात अरबी आणि बर्बर आहेत, सेनेगलमध्ये वोलोफ आणि इतर आहेत, मॉरिशसमध्ये तर एकाच घरात चार भाषा आहेत. एकाची मुक्तीची भाषा दुसऱ्याला ओझं कशी होते हे त्या दाखवतात.

इथे मराठी माणसाने बोलायला हवं. १७८१ मध्ये गढा-मंडलाचं राज्य सागरच्या मराठ्यांकडे गेलं, १७९८ मध्ये जबलपूर नागपूरकर भोसल्यांकडे आलं, आणि १८१७ मध्ये इंग्रजांनी ते घेतलं. म्हणजे गोंडांच्या या राजधानीवर आमचंही राज्य होतं, आमची भाषा दप्तराची भाषा होती, वसुलीची भाषा होती. आमच्या घरांत इथल्या मराठ्यांचा इतिहास पराक्रमाचा म्हणून सांगितला जातो. गोंड घरांत तो कसा सांगितला जातो हे आम्ही विचारलेलं नाही. आफ्रिकेतल्या एका कादंबरीच्या निमित्ताने वर्गात ते विचारलं गेलं तर चांगलंच होईल. आम्ही ऐकायला बसू.

आणि साहित्याच्या विद्यार्थ्यांनी या शहरात एक ठिकाण पाहायला हवं. १८ सप्टेंबर १८५७ रोजी गोंड राजा शंकर शाह आणि त्यांचा मुलगा रघुनाथ शाह यांना इथे तोफेच्या तोंडी दिलं. उठावाच्या कटाचा आरोप होता, आणि पुराव्यात एक कविता होती. शत्रूचा संहार कर अशी देवीला घातलेली साद. कवितेचा कागद घरात सापडणं जिवावर बेतलं, अशी ही गोष्ट आपल्या कॉलेजांपासून चालत जाण्याच्या अंतरावर घडलेली. त्या दोघांचे पुतळे आहेत, जयंत्या-पुण्यतिथ्या आहेत. साहित्याच्या पेपरात ते नाहीत. खटला चालवणाऱ्यांनी ती कविता कशी वाचली असेल, तिच्यातून काय ऐकलं असेल, हा साहित्याचाच प्रश्न आहे.

तो कसा हाताळायचा हे असिया जेबारने दाखवलं आहे. अल्जीरियाची ही लेखिका १९३६ ची. तिच्या 'लामूर, ला फांताझिया' या १९८५ च्या कादंबरीची सुरुवात एका लहान अरब मुलीपासून होते. फ्रेंच शाळेत मास्तर असलेले वडील तिचा हात धरून तिला शाळेत घेऊन चालले आहेत. तिथून ती शंभर वर्षं मागे जाते. १८४५ मध्ये दाहराच्या डोंगरातल्या गुहांत लपलेल्या एका अख्ख्या जमातीला फ्रेंच फौजेने गुहेच्या तोंडाशी जाळ करून गुदमरवून मारलं. बायका, मुलं, गुरं, सगळं. हे जेबारला कळतं ते मारणाऱ्या अधिकाऱ्यांच्या अहवालांतून आणि पत्रांतून. मेलेल्यांनी काहीच लिहून ठेवलेलं नाही. म्हणून ती त्या अहवालांच्या ओळींमध्ये कान लावते, अधिकाऱ्याच्या फ्रेंचमधून आपल्या माणसांचा आवाज उकरून काढते, आणि त्याच फ्रेंचमध्ये स्वतःच्या बालपणाची गोष्ट सांगते. याच जेबारला पुढे २००५ मध्ये फ्रेंच अकादमीने सभासद म्हणून निवडलं. आमच्या संशोधक मुलींना इंग्रज अधिकारी स्लीमनच्या ठगांविषयीच्या नोंदी, कमिशनरचे अहवाल, गॅझेटिअर या सगळ्यांकडे असं बघायला शिकवणारं दुसरं पुस्तक मला माहीत नाही. जबलपुरात शिकलेल्या मुलीने शंकर शाहांच्या कवितेवर तसा प्रबंध लिहावा, ही माझी इच्छा आहे.

हा इतिहास आपल्यापासून लांबचा नाही. १ नोव्हेंबर १९५४ रोजी पाँडिचेरी, कारैकल, माहे आणि यानम फ्रेंचांनी भारताच्या हवाली केले, शांतपणे, करार करून. नेमक्या त्याच दिवशी अल्जीरियात सशस्त्र उठाव सुरू झाला आणि तिथे आठ वर्षं रक्त सांडलं. पाँडिचेरीचा आरी गोतिए आजही फ्रेंचमध्ये लिहितो. त्याची 'द तिन्नै' इंग्रजीत मिळते, आणि घरापुढच्या ओट्यावर बसून सांगितलेल्या त्या गोष्टी आपल्या मुलांना परक्या वाटणार नाहीत. माहेबद्दल एम. मुकुंदन यांनी मल्याळममध्ये लिहिलं, तेही सोबत वाचता येईल.

मॉरिशस तर आपल्या नात्यातलं. १८३४ पासून मळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून गेलेल्या साडेचार लाखांच्या आसपास माणसांत रत्नागिरी-सावंतवाडीकडची कोकणी घरंही होती. त्यांचे वंशज आज घरात क्रिओल बोलतात, वर्तमानपत्र फ्रेंच वाचतात, गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुटी घेतात, झाकरी नाचतात, आणि शाळेत मराठी शिकतात. त्या बेटाची कादंबरी मराठी वाचकाला ठाऊक नसावी याचं मला वाईट वाटतं. हिंदी विभागाला अभिमन्यु अनत यांची 'लाल पसीना' परिचयाची आहे. तिच्या शेजारी नताशा अप्पाना हिची १८९२ साली बोटीवर चढलेल्या मजुरांची कादंबरी ठेवा, आणि आनंदा देवी हिची 'ईव्ह आउट ऑफ हर रुइन्स' ठेवा. बेटावरच्या मळ्याची कथा एकाने हिंदीत लिहिली, दुसरीने फ्रेंचमध्ये. इंग्रजी आणि हिंदी विभागांनी मिळून एक पेपर चालवायला याहून चांगलं निमित्त मिळणार नाही.

हरकती मला ठाऊक आहेत. मुलांना फ्रेंच येत नाही, ही पहिली. रशियन न येता आपण चेकॉव्ह शिकवतो. मुलांचं इंग्रजीच कच्चं आहे, ही दुसरी, आणि ती खरी आहे. म्हणूनच मारियामा बा हिची 'सो लाँग अ लेटर' घ्या. लहान पुस्तक, सोपी वाक्यं. नवरा गेल्यावर इद्दतीच्या काळात घरात बसलेली एक शिक्षिका जिवलग मैत्रिणीला पत्र लिहिते, आणि नवऱ्याने आपल्याच मुलीच्या मैत्रिणीशी दुसरं लग्न केलं त्याची हकीकत सांगते. हार्डीच्या वर्णनांत अडकणारी मुलगी हे एका बैठकीत वाचते. फर्दिनां ओयोनोची 'हाउसबॉय' ही साहेबाच्या घरी राबणाऱ्या पोराची डायरी आहे, तीही तशीच सोपी. नोकरीचा काय उपयोग, या तिसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही आणि साहित्याच्या इतर कुठल्या पेपरला ते असतं असंही मला वाटत नाही. आधी आपलं वाचा मग परकं, असं कुणी म्हणेल तर वर शंकर शाहांबद्दल लिहिलेलं पुन्हा वाचावं. त्यांच्या कवितेबद्दलचा तो प्रश्न विचारायला मला अल्जीरियाने शिकवलं.

एक सावधगिरी मात्र हवी. 'फ्रँकोफोन' हे लेबल लावून नवा कप्पा करू नका. मार्च २००७ मध्ये ४४ लेखकांनी फ्रान्सच्या 'ल माँद'मध्ये जाहीरनामा काढून या कप्प्यालाच विरोध केला होता, मारीझ काँदे, आनंदा देवी त्यांत होत्या. फ्रान्समध्ये जन्मलेला तो लेखक आणि बाकीचे फ्रँकोफोन, ही वाटणी त्यांना नको होती. आपणही ती इथे आणू नये.

आता काय करावं ते. पदवीचा अभ्यासक्रम राज्याचं केंद्रीय अध्ययन मंडळ ठरवतं, तिथे जबलपूरकर सदस्यांनी हा विषय मांडावा. ज्या महाविद्यालयांना स्वायत्तता आहे त्यांनी भोपाळची वाट पाहू नये, वैकल्पिक पेपर म्हणून येत्या सत्रातच सुरू करावा. पेपरात चार-पाचच पुस्तकं असावीत. परीक्षेत 'वसाहतवादाची वैशिष्ट्ये सांगा' असा प्रश्न नसावा, नाहीतर महिन्याभरात बाजारात गाइड येईल आणि पुस्तक कुणी उघडणार नाही. निम्मे गुण एका कामाला द्यावेत. कादंबरीतला एखादा प्रसंग घेऊन विद्यार्थिनीने आपल्या घरातल्या वडीलधाऱ्या माणसाशी बोलावं आणि ते बोलणं ज्या भाषेत झालं त्या भाषेत, देवनागरीत लिहून, खाली हिंदीत किंवा इंग्रजीत अनुवाद द्यावा. गोंडी, बुंदेली, मराठी, सिंधी, छत्तीसगढी, जी असेल ती. तपासायला त्या भाषेचा जाणकार शहरात मिळतो, मी शोधून देईन. ज्यांना फ्रेंच शिकायची इच्छा होईल त्यांच्यासाठी आठवड्यातून दोन संध्याकाळी प्राथमिक वर्ग ठेवावा. त्याला पैसे लागतील, पण फार नाहीत.

सेम्बेनने स्वतः पुढे सिनेमा हातात घेतला, कारण ज्यांच्याबद्दल तो लिहीत होता त्यांना फ्रेंच वाचता येत नव्हतं. १९६८ चा त्याचा 'मांडाबी' वोलोफ भाषेत आहे. तो एका दुपारी सभागृहात दाखवा, सगळ्या विभागांच्या मुलांना बोलवा. पेपर मंजूर होईपर्यंत एवढं तरी करता येतं.

पेपरचा मसुदा, पुस्तकांची यादी आणि प्रत्येक पुस्तकाच्या उपलब्ध आवृत्तीची माहिती या पत्रासोबत जोडली आहे. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा, मला बोलावल्यास मी येईन. आणि ग्रंथपालांना स्वतंत्र विनंती, या वर्षीच्या खरेदीत 'गॉड्स बिट्स ऑफ वुड'च्या निदान दहा प्रती घ्याव्यात. आम्ही वाचलं ते एका प्रतीच्या झेरॉक्सवर, आणि मधली काही पानं इतकी फिकट आली होती की मुलींनी ती एकमेकींना वाचून दाखवली.

कळावे,

आपली,
इंग्रजी साहित्याची एक प्राध्यापिका
जबलपूर